घरासोबत आलेला अनोळखी गुलाब : तुमचा अनुभव सांगा

जुनं घर घेतलं किंवा वारशाने आलं, की बागेत एखादा गुलाब असतोच. त्याचं नाव ठाऊक असलेलं माणूस मात्र तिथे उरलेलं नसतं. अशा झाडाचं तुम्ही काय केलंत? ओळख पटली का?

सुरुवात मीच करते. आमच्या वाईच्या घरामागे, आडाशेजारी फिकट गुलाबी, भरगच्च पाकळ्यांचा, घोसाने फुलणारा गुलाब आहे. सासूबाई त्याला नुसतं ‘देशी’ म्हणायच्या आणि गुलकंद घालायच्या. ओळखीतले सगळे ‘दमास्क’ म्हणून मोकळे झाले. पण दमास्क मैदानी मुलखात मार्च-एप्रिलमध्ये एकदाच बहरतो, आमचा श्रावणातही फुलतो. तेव्हा हा एडवर्ड असावा असं माझं मत. मूळ रेयुनियन बेटावरचा, गुलाबांच्या बूर्बाँ नावाच्या वर्गातला. पूर्वी कलमांसाठी खुंट, म्हणजे ज्यावर दुसऱ्या जातीचा डोळा (अंकुर) भरतात ते खालचं झाड, म्हणूनही तोच वापरत.

मोरचूद, नाशिक
वाईच्या ताई, खुंटावरून आठवलं. आमच्या बंगल्यात लांबच लांब फांद्या आणि बारीक पांढऱ्या फुलांचे घोस होते. आधीच्या मालकांच्या फोटोत त्याच जागी लालभडक फुलं! माळी म्हणाला, ‘सातपानी आहे, रानटी झालं, उपटा.’ एका देठावर सात पानं हा काही पुरावा नव्हे, कित्येक चांगल्या जातींना सात येतात. डोळा कुठे भरलाय ते बघायचं. माती उकरली तर डोळा भरल्याची गाठ सापडली आणि जोमदार फांद्या सगळ्या तिच्या खालून, म्हणजे खुंटाच्या! पानाच्या देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना चिकटलेली पट्टी झालरीसारखी कातरलेली होती. ती मल्टिफ्लोरा या खुंटाच्या गुलाबाची खूण. गाठीच्या वर एकच मरतुकडी फांदी जिवंत होती. खालचे फुटवे मुळापासून ओरबाडून काढले (कात्रीने कापले तर पुन्हा येतात), तेव्हा ती सुधारली. यंदा लाल फुलं आली. लांब दांडा, मोठी कळी, ग्लॅडिएटर वाटतो. 1955 ची जात, आपल्याकडे फूलबाजारासाठी वर्षानुवर्षं लावलेली. पाटी मात्र लावलेली नाही, कारण लाल गुलाब शेकड्याने आहेत.

परदेशी माळीण
इंग्लंडमध्ये घर घेतलं, कुंपणाशी पिवळा गुलाब, कडा गुलाबी. थंड दिवसांत रंग गडद, उन्हात जवळजवळ पांढरट. इथल्या शेजारणीने लांबूनच सांगितलं, ‘पीस’. फ्रान्सच्या मेयाँ या गुलाब पैदासकारांची जात, हे नाव मिळालं 1945 मध्ये. छाटणी भारतातल्यासारखी ऑक्टोबरात करू नका हं, इथे थंडी ओसरताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये करतात.

काटेकोर, पुणे
ओळखीचं राहू द्या, आधी झाड जगवा. पहिल्या वर्षी मी फक्त मेलेलं लाकूड काढतो. टोकाकडून काळी पडत खाली वाळत येणारी फांदी असेल, तर कापल्यावर आतला भाग पांढरट-हिरवा दिसेपर्यंत खाली जायचं. थोडाही तपकिरी राहिला तरी रोग पुढे सरकतो. कापावर बोर्डो मलम (बुरशीनाशक लेप) : एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. घरच्यासाठी त्याच प्रमाणात कमी करा, आणि लोखंडी भांडं नको. खरी छाटणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात. साधारण दीड महिन्यात फुलं येतात, तेव्हाच फोटो काढा. फुलाचा, मागच्या हिरव्या निदलांचा, काट्यांचा आणि पानाचाही. नुसत्या फुलाच्या फोटोवरून नाव विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

आबोली, मडगाव
आमच्या आजीच्या दारातल्याला नाव मिळालं नाही, आणि मला त्याची खंतही नाही. पण गोव्याच्या पावसात पानांवर काळे ठिपके पडून झाड पार बोडकं होतं. पडलेली पानं रोज वेचून जाळते, आळ्यात पाणी साचू देत नाही, आणि पानांवर पाणी मारत नाही. फवारणी न करता एवढ्यावर भागतं. वाईच्या ताई, तुमच्या देशीची काडी मिळेल का?

वाई
ऑक्टोबरच्या छाटणीतल्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या ठेवते. एडवर्ड काडीवरच लागतो, कलमाची गरज नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळून पाठवते, पत्ता खाजगीत कळवा.