मदत हवी आहे: अमेरिकेतल्या विषबाधेच्या हेल्पलाइनचे (पॉइझन कंट्रोल) लोक परत फोन करणार म्हणतात, ही माणसं नक्की कोण असतात?

परीची_आई (दु. १:५२)
लवकर उत्तर द्या प्लीज. मुलीने आजीची गोळी खाल्ली. त्यांच्या १-८००-२२२-१२२२ ला फोन लावला. बाईंनी वय, वजन, किती वाजता खाल्ली, झिपकोड सगळं विचारलं आणि म्हणाल्या, घरीच थांबा, खायला द्या, मी ४ वाजता परत फोन करते. नवरा म्हणतो ते कॉल सेंटर आहे, सरळ इमर्जन्सीत जाऊ. मागच्या वर्षीचं इमर्जन्सीचं बिल अजून डोळ्यासमोर आहे. एवढंच सांगा: हे लोक डॉक्टर असतात का? सरकारी असतात का? आणि झिपकोड कशाला? चाइल्ड सर्व्हिसेसला (मुलांची हेळसांड होते का बघणारं सरकारी खातं) कळवतात का??

बेडेकर_मिसळ (दु. १:५५)
कोमट पाण्यात मीठ घालून पाजा, उलटी झाली की विषय संपला. आमच्याकडे लहानपणी हेच करायचे.

रात्रपाळी (दु. १:५७)
मिठाचं पाणी अजिबात नको!! लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम वाढून त्यानेच जिवावर बेतू शकतं. उलटी करवणारं औषधसुद्धा घरी देऊ नका, असं इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००३ मध्येच सांगितलंय.
परीची आई, गोळी कसली? मूल केवढं?

परीची_आई (दु. १:५९)
शुगरची. सांगितलं ना. २ वर्षांची, २६ पाउंड. खेळतेय मजेत.

देशपांडे_डेट्रॉईट (दु. २:०४)
सांगितलं नव्हतंत. असो. ती सरकारी हेल्पलाइन आहे, आपल्या टॅक्सवर चालते, म्हणून फुकट. पण ऐन वेळी नीट जागी लागेल याची खात्री नाही. २०१६ मध्ये आम्ही नुकतेच मिशिगनला आलो होतो, माझा मोबाईल नंबर टेक्सासचाच होता. फोन लागला टेक्सासला! एरिया कोडवरून जोडत होते.

रात्रपाळी (दु. २:१०)
टेक्सासच्या माणसाने उत्तर दिलं ना? मग झालं की.
मी फार्मसिस्ट. अशाच एका केंद्रात ६ वर्षं रात्रपाळी केली, म्हणून सांगते. देशभर पन्नासच्या वर केंद्रं आहेत, नंबर एकच, २००२ पासून. फोन घेणारी बहुतेक माणसं नर्स किंवा फार्मसिस्ट असतात. २००० तास आणि विषबाधेच्या २००० केसेस हाताळल्याशिवाय स्पेशालिस्टच्या परीक्षेला बसता येत नाही. त्यांच्या मागे विषशास्त्राचे डॉक्टर चोवीस तास ऑन-कॉल. आम्हाला निम्मेशिम्मे कठीण फोन तर हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांचेच यायचे.
झिपकोड नोंदीसाठी. एकाच भागातून एकाच वस्तूचे फोन वाढले तर लक्षात येतं. पोलीस, चाइल्ड सर्व्हिसेस यांच्यासाठी ही लाइन नाही. आणि परतीचा फोन हेच तर खरं काम. तीनातली दोन माणसं घरच्या घरी सांभाळली जातात ती त्या फोनमुळे.
आता गोळीचं पूर्ण नाव सांगा. "शुगरची" चालणार नाही.

टॅक्सवाला_तात्या (दु. २:१३)
डेट्रॉईटकर, "आपल्या टॅक्सवर" हे अर्धसत्य. केंद्र सरकारचा वाटा थोडा. राज्य, विद्यापीठं आणि हॉस्पिटलं मिळून बाकीचं जुळवतात. २००९ मध्ये कॅलिफोर्नियाने राज्याचे पैसे काढायचं ठरवलं तेव्हा तिथलं केंद्र बंद पडायच्या बेतात होतं.

देशपांडे_डेट्रॉईट (दु. २:१५)
राज्याचा पैसा म्हणजे कोणाचा? टॅक्सच ना?

परीची_आई (दु. २:१६)
अहो भांडू नका. मेटफॉर्मिन. सासूबाईंनी सांगितलं, मीही फोनवर तेच सांगितलं. एकच गोळी. बाई म्हणाल्या, एका गोळीने बहुधा काही होणार नाही.

रात्रपाळी (दु. २:१८)
नुसत्या मेटफॉर्मिनच्या एका गोळीला मीही हेच म्हटलं असतं. पण सासूबाई भारतातून आल्यात का? स्ट्रिप हातात घेऊन वाचलीत का, की ऐकून सांगितलंत?

परीची_आई (दु. २:२०)
सहा महिन्यांसाठी आल्यात साताऱ्याहून. त्या कात्रीने एकेक गोळी कापून वार लिहिलेल्या डबीत भरतात. कापलेल्या तुकड्यावर नावाचं अर्धं अक्षरसुद्धा नाही, नुसती चांदी. का?

रात्रपाळी (दु. २:२१)
बॅगेतली अख्खी स्ट्रिप काढा. आत्ता. भारतात एकाच गोळीत दोन-दोन, तीन-तीन औषधं सर्रास असतात. "ग्लि"ने सुरू होणारं काही दिसतंय का बघा.

सातारी_कंदी (दु. २:२३)
सासूबाईंना दोष देऊ नका हं कोणी. त्या वयात डबी लागतेच. माझ्या आईला मी झाकण घट्ट बसणारी डबी आणली, तर ती तिलाच उघडेना.

परीची_आई (दु. २:२६)
ग्लिमेपिराइड १ मि.ग्रॅ. आणि मेटफॉर्मिन ५००. हे वाईट आहे का

रात्रपाळी (दु. २:२६)
हो. इथे लिहू नका, त्याच नंबरला फोन करा, केस नंबर सांगा, हे नाव अक्षर न अक्षर वाचून दाखवा. ग्लिमेपिराइडने साखर काही तासांनीसुद्धा एकदम उतरते, दोन वर्षांच्या मुलाला एक गोळी पुरते. ती खेळतेय यावर जाऊ नका. झोपाळली, घामेजली, झटका आला, तर थेट ९११ ला (इथला इमर्जन्सी नंबर) फोन.

बेडेकर_मिसळ (दु. २:३१)
म्हणजे बाईंचं चुकलंच की. मग कसले स्पेशालिस्ट?

रात्रपाळी (दु. २:३५)
जे सांगितलं त्याचं उत्तर बरोबर होतं. समोरचा ठामपणे नाव सांगतो तेव्हा तेच धरावं लागतं. ही दोन औषधं एका गोळीत इथे मिळतच नाहीत, मग फोनवरच्या माणसाने तर्क तरी कसा करावा? आमच्याकडे देशी गोळीचा फोन आला की मी स्ट्रिपमागचं बारीक अक्षर वाचायलाच लावायचे. मराठी येत असल्याचा त्या नोकरीत झालेला एवढाच फायदा.

चिपळूणचा_फणस (दु. ३:०२)
भारतात अशी सोय आहे का? वडिलांना बागेत साप दिसतो.

टॅक्सवाला_तात्या (दु. ३:०९)
दिल्लीच्या एम्समध्ये आहे, १९९५ पासून, फार्माकॉलॉजी विभागात. चोवीस तास, टोल-फ्री १८०० ११६ ११७. पण साप चावला तर फोनवर बोलत बसू नका. १०८ ची गाडी आणि प्रतिसर्प लस असलेलं हॉस्पिटल.

चिपळूणचा_फणस (दु. ३:११)
चावला नाहीये. दिसतो.

परीची_आई (दुसऱ्या दिवशी, स. ११:४०)
आताच घरी आलो. काल फोन केल्यावर त्या म्हणाल्या, लगेच निघा, मी हॉस्पिटलला कळवते. आम्ही पोचायच्या आधी तिथल्या डॉक्टरांना सगळं माहीत होतं, गोळीचं स्पेलिंगसुद्धा. संध्याकाळी सातला साखर ५१. सलाइनमधून ग्लुकोज दिलं, रात्रभर तासातासाला बोटाला टोचणं. टोचलं की रडायची, ते बरं वाटायचं. रात्री पॉइझन सेंटरमधून नर्सला दोनदा फोन आला, पहाटेचा आवाज वेगळ्याच माणसाचा होता, पण त्याला सगळं ठाऊक होतं.
सासूबाई कालपासून जेवल्या नाहीत. डबी फ्रिजच्या वर ठेवलीय, आता त्यांचाच हात पोचत नाही.
रात्रपाळी, तुम्हाला काय म्हणू. आणि बिल येईल का?

रात्रपाळी (दु. १२:०५)
हेल्पलाइनचं नाही. हॉस्पिटलचं येईल, आयटमाइज्ड (एकेक खर्च वेगळा दाखवणारं) मागून घ्या. सासूबाईंना आधी जेवायला घाला, साखरेचं औषध घेऊन उपाशी राहिल्या तर त्यांचीही उतरेल.

देशपांडे_डेट्रॉईट (दु. १२:२०)
बिलाबद्दल वेगळा धागा काढा, माझा मोठा अनुभव आहे.