बेंच आलं, पण तालुक्याच्या तारखेचं काय?

'कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं खंडपीठ) झालं, आता सांगलीकरांचा न्यायाचा प्रश्न मिटला' असं एकांनी लिहिलंय. अर्धंच पटलं. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टासाठी मुंबईला जायला रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायची कटकट गेली, हे खरं. पण तिथवर पोचतात किती? आमच्याकडचे बहुतेक दावे तालुक्याच्या कोर्टातच कुजतात.

आमच्या आत्याचा वाटपाचा दावा घ्या. पिशवीत सातबारे आणि चपाती-भाजी घेऊन ती साडेदहालाच व्हरांड्यात हजर. दुपारी पुकारा झाला की कळायचं, समोरच्या वकिलांनी मुदत, म्हणजे पुढची तारीख, मागितलीय. दिवसाचा रोज बुडाला! दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १७ मध्ये एका पक्षाला तीनपेक्षा जास्त मुदती नाहीत. आम्ही सातव्या मुदतीनंतर मोजायचं सोडलं.

हुकूमनामा (कोर्टाचा निकाल) झाला तेव्हा पेढे वाटले. मग समजलं, शेतसारा भरणारी जमीन असली की प्रत्यक्ष वाटप त्याच संहितेच्या कलम ५४ खाली कलेक्टरकडे जातं. नवी फाईल, मोजणी, पुन्हा हेलपाटे. आधी कुणी बोललंच नव्हतं.

बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेही आम्हाला फी भरून झाल्यावर कळलं.

ई-कोर्ट्स ॲप चांगलंय, दाव्याचा सीएनआर, म्हणजे अक्षरं-आकडे मिळून सोळांचा ओळख क्रमांक, टाकला की तारीख दिसते. फक्त त्या दिवशी काम चालणार का, ते दिसत नाही. मुदतीचा अर्ज आदल्या दिवशीच द्यायला लावा आणि दोन्ही बाजूंना मेसेज टाका. आत्याचे निम्मे फेरे तेवढ्यानं वाचले असते.