खेळला म्हणजे बोलता येतं का?

तिरका_पॉइंट (धागाकर्ता)

आमच्या ऑफिसच्या वार्षिक मेळाव्याला परवा एक माजी हॉकी गोलरक्षक पाहुणे म्हणून आले होते. नाव सांगत नाही, माणूस सज्जन आहे. चाळीस मिनिटं बोलले. पहिल्या स्लाइडवर डोंगर, दुसरीवर गरुड, तिसरीवर हातात हात घातलेली माणसं. अपयश ही पहिली पायरी, प्रोसेसवर विश्वास ठेवा, कम्फर्ट झोन सोडा. माझ्या शेजारचा ‘प्रोसेस’ हा शब्द बोटांवर मोजत होता, सतराला त्याने नाद सोडला.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय की मैदान गाजवलं म्हणून माइक हातात द्यायचा हा हिशेब कुणी ठरवला? समालोचनात तर ही खुर्ची म्हणजे निवृत्तीनंतरची पेन्शनच झालीय. २०१९ ची ईडन गार्डन्सची दिवस-रात्र कसोटी आठवा. गुलाबी चेंडू फलंदाजांना नीट दिसतो का, हे खेळाडूंनाच विचारायला हवं, असं भारताकडून न खेळलेले समालोचक हर्षा भोगले म्हणाले. त्यावर माजी फलंदाज संजय मांजरेकरांनी त्यांना ऐन प्रक्षेपणात सुनावलं की विचारायची गरज तुम्हाला, आम्ही खेळलोय, आम्हाला कळतं. मांजरेकरांनी नंतर चूक कबूल केली, ते सोडा. पण ती वृत्ती कॉमेंट्री बॉक्समध्ये कायम बसलेली असते.

१९७५ च्या हॉकी विश्वचषकाची फायनल लोकांनी रेडिओवर जसदेव सिंगांच्या आवाजात ‘पाहिली’. ते काही भारतासाठी हॉकी खेळलेले नव्हते.

थर्डमॅन

साफ असहमत. एका कंटाळवाण्या भाषणावरून अख्ख्या जमातीला फाशी?

न खेळलेला समालोचक विकेट पडल्यावर ‘काय सुंदर चेंडू!’ म्हणतो. खेळलेला दोन चेंडू आधीच सांगतो की बघा, स्लिप अर्धं पाऊल पुढे आलीय, म्हणजे यष्टिरक्षकाला उसळी कमी वाटतेय. हे पुस्तक वाचून येत नाही.

आणि २०१९ च्या विश्वचषकाची फायनल? सुपर ओव्हरच्या शेवटच्या चेंडूवर माइक इयन स्मिथकडे होता. न्यूझीलंडचा माजी यष्टिरक्षक, स्वतःचा देश डोळ्यांसमोर हरतोय, तेही धावांनी नाही, चौकारांच्या मोजणीने. आवाज टिपेला गेला, पण शब्द सुटला नाही. इंग्लंडचा विजय त्याने इंग्लंडच्या माणसासारखा सांगितला. दाखवा असा कुणी न खेळलेला.

रेडिओवेडी

दाखवते की. जॉन आर्लट. आधी पोलीस खात्यात, मग कवी, मग बीबीसीचे समालोचक. १९८० च्या लॉर्ड्सवरच्या शताब्दी कसोटीत माइकवर त्यांची शेवटची पाळी होती. सगळे निरोपाच्या भाषणाची वाट बघत होते. त्यांनी षटक संपवलं, आता माइकवर ट्रेव्हर बेली आणि त्यांच्यानंतर ख्रिस्तोफर मार्टिन-जेन्किन्स, एवढं सांगितलं आणि उठले. झालं. मग मैदानावर घोषणा झाली, तेव्हा प्रेक्षक उभे राहिले, खेळाडूंनी टाळ्या वाजवल्या आणि फलंदाजी करणाऱ्या बॉयकॉटने ग्लोव्ह काढून टाळ्या वाजवल्या.

चाळीस मिनिटं गरुड दाखवणाऱ्यांनी हे ऐकावं.

थर्डमॅन

रेडिओवेडी ताई, आर्लट मान्य. पण तो शंभरात एक. बाकी नव्व्याण्णव आकडे वाचून दाखवतात.

स्कोअरबुक

दोन्ही बाजूंचं वाचून हसू येतंय. मी काही वर्षं समालोचन कक्षात आकडे पुरवायचं काम केलंय, त्यामुळे जवळून पाहिलेलं सांगतो.

माइकवर दोघं किंवा तिघं, मागे मी. कानात निर्मात्याचा आवाज अखंड चालू: ‘रिप्ले येतोय, दोन अँगल’, ‘ओव्हर संपली की जाहिरात’, ‘पाच, चार, तीन’. हे ऐकत ऐकत तोंडाने स्वतःचं वाक्य पुरं करायचं, तेही जाहिरात लागायच्या आत. गोलंदाज रनअपला वळला की तज्ज्ञाने गप्प बसायचं, कारण चेंडूचं वर्णन मुख्य समालोचकाचं. तज्ज्ञाची वेळ त्यानंतरची, रिप्ले चालू असेपर्यंत. म्हणजे हातात दहा-पंधरा सेकंद.

नवा माजी खेळाडू इथेच अडकतो. गोष्ट रंगात येते, गोलंदाज धावत सुटतो, दांडी उडते आणि हा अजून आपल्या पहिल्या दौऱ्याच्या ड्रेसिंग रूममध्ये. एकाने तर निर्मात्याची कटकट नको म्हणून इअरफोनच काढून ठेवला होता. जाहिरात ऐन वाक्यात लागली आणि त्याला पत्ता नाही, दोन मिनिटं आम्हालाच ऐकवत बसला. (किस्सा चांगला होता, हे मात्र कबूल.)

दुसरी खोड म्हणजे दिसतंय तेच सांगणं. ‘आणि चौकार!’ अरे बाबा, दिसला.

रिची बेनॉचं उदाहरण तुम्ही कुणीच दिलं नाहीत याचं नवल वाटतं. ६३ कसोटी, २४८ बळी, ऑस्ट्रेलियाचा कर्णधार. पण १९५६ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर, कर्णधार होण्याच्याही आधी, हा माणूस लंडनला मागे राहिला आणि बीबीसीकडे टीव्हीचं काम शिकला. चित्रात भर घालता येत नसेल तर गप्प बसायचं, हे तत्त्व त्याने पुढे कित्येक वर्षं पाळलं. तो खेळला होता म्हणून चांगला बोलला नाही. खेळत असतानाच बोलायला शिकला होता. आपल्याकडे नेटमध्ये वीस वर्षं घाम गाळणारा माणूस माइकसमोर एका तालमीशिवाय बसतो, आणि त्यात त्याला काही वावगंही वाटत नाही.

मधली_फळी

समालोचन ठीक आहे, पण धाग्याचा मूळ विषय भाषणाचा आहे ना? तिथे माजी खेळाडूंची बाजू मजबूत आहे.

२०११ एकच वर्ष घ्या. जुलैत लॉर्ड्सवर श्रीलंकेचा कुमार संगकारा तासभर बोलला. तेव्हा तो खेळत होता, तरी आपल्याच देशाच्या क्रिकेट कारभारावर त्याने कोरडे ओढले. तिकडे क्रीडामंत्र्यांनी चौकशीचे आदेश दिले, इकडे सभागृह उभं राहिलं. डिसेंबरमध्ये कॅनबेराच्या युद्धस्मारकात राहुल द्रविडचं ब्रॅडमन व्याख्यान झालं, हा मान मिळालेला पहिला परदेशी क्रिकेटपटू. त्याने सुरुवात क्रिकेटपासून केलीच नाही. १९४७ च्या दोन्ही देशांतल्या पहिल्या कसोटीआधी भारतीय आणि ऑस्ट्रेलियन एकाच बाजूने युद्धात लढले होते, पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत तेराशेहून जास्त भारतीय मेले होते, इथून सुरुवात. आपण कुठे उभं राहून बोलतोय याचं भान असलेला माणूस असा बोलतो.

तिरका_पॉइंट

संगकारा, द्रविड दोघेही वाचणारे. त्यांनी बॅट कधी हातात धरली नसती तरी बरं बोलले असते. ते तुमच्या बाजूचे साक्षीदार नाहीतच, माझ्या बाजूचे आहेत.

मधली_फळी

बरं, मग सचिन घ्या. त्याला कुणी वक्ता म्हणेल का? १६ नोव्हेंबर २०१३, वानखेडे. कुणाचं नाव राहू नये म्हणून हातात यादी घेऊन आला. वडील, आई, भावंडं, अंजली, मुलं, आचरेकर सर, मित्र, डॉक्टर, एकामागून एक. वक्तृत्वाच्या वर्गात अशा भाषणाला नापास करतील. आभाराची यादी, ना चढ ना उतार. आणि सर २९ वर्षांत एकदाही ‘वेल प्लेड’ म्हणाले नाहीत, हे सांगितलं तेव्हा आमच्या घरात कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

रेडिओवेडी

ते भाषण मलाही आवडतं, पण त्यातलं निम्मं काम चोवीस वर्षांनी केलंय. तीच यादी दुसऱ्या कुणी वाचली असती तर?

थर्डमॅन

ताई, तेच तर म्हणतोय! ती चोवीस वर्षं खेळणाऱ्याकडेच असतात.

जुलै २०२० मध्ये साउदॅम्प्टनला पावसाने खेळ थांबला होता आणि समालोचक मायकल होल्डिंग, वेस्ट इंडीजचा माजी वेगवान गोलंदाज, वर्णद्वेषावर बोलला. दिव्याच्या बल्बचं श्रेय सगळे एडिसनला देतात, पण कार्बनची तार टिकाऊ करणारा लुइस लॅटिमर हा कृष्णवर्णीय माणूस शाळेत कुणी शिकवला का, असं त्याने विचारलं. दुसऱ्या दिवशी वृत्तवाहिनीवर आई-वडिलांबद्दल बोलताना त्याचा गळा दाटला. नवरा जास्त काळा म्हणून आईच्या माहेरच्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. हे बीबीसीच्या कोर्सात शिकवतात का, स्कोअरबुक?

स्कोअरबुक

नाही शिकवत. पण होल्डिंग तोवर तीसेक वर्षं माइकवर होता, हेही धरा. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. पहिल्याच आठवड्यात तेच बोलायला गेला असता तर मध्येच जाहिरात लागली असती.

तिरका_पॉइंट, एक विचारायचं राहिलं. तुमच्या त्या मेळाव्यात शेवटी प्रश्नोत्तरं झाली की नाही?

तिरका_पॉइंट

झाली. इथे मला जरा मान खाली घालून लिहायला हवं.

अकाउंट्समधल्या एका नव्या मुलीने विचारलं, ‘सर, पेनल्टी कॉर्नरला बॉल दिसतो तरी का?’ गृहस्थ हसले, माइक टेबलावर ठेवला आणि खाली आले. दोन खुर्च्या लांब ठेवून गोलपोस्ट केला. आमच्यातल्या तिघांना उभं केलं, एक बॉल ढकलणारा, एक थांबवणारा, एक फ्लिक मारणारा. म्हणाले, बॉलकडे बघत बसलात तर उशीर झालाच समजा. आधी ढकलणाऱ्याचे हात, मग थांबवणाऱ्याची स्टिक, मग फ्लिकरचा पुढचा पाय. पाय कुठे पडतो त्यावरून अर्धं कळतं. कुणीतरी विचारलं, उरलेलं अर्धं? ‘ते अंगावर घ्यायचं,’ म्हणाले आणि उजव्या हाताचा अंगठा दाखवला. तो पूर्ण सरळ होत नाही.

बारा-पंधरा मिनिटं गेली असतील. ‘प्रोसेस’ मोजणारा खुर्चीवर चढून बघत होता.

थर्डमॅन

मग धागा कशाला काढलात हो?

तिरका_पॉइंट

आधीच्या चाळीस मिनिटांसाठी.

स्कोअरबुक

त्या स्लाइड त्यांच्याच होत्या का?

तिरका_पॉइंट

तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता चौकशी केली. आमच्या एचआरने पाठवल्या होत्या. गरुडासकट.