मदत हवी आहे: सुमो अंदाज-खेळांची वार्षिक स्पर्धा, तीन खेळांचे गुण एकत्र कसे करायचे?

काठावरचा
सहाही बाशो (१५ दिवसांच्या सुमो स्पर्धा) धरून वर्षाचा एकच विजेता काढायचा आहे. खेळाडू १४, काही भारतात, काही युरोपात. खेळ तीन.

पहिला रोजचा: माकुउचीतल्या (सर्वांत वरच्या विभागातल्या) प्रत्येक लढतीत कोण जिंकेल ते सांगायचं, बरोबरला १ गुण. दुसरा संघाचा: सुरुवातीला ६ रिकिशी (सुमो पैलवान) निवडायचे, त्यांच्या प्रत्येक विजयाला १ गुण. तिसरा बान्झुकेचा: बाशो संपला की पुढची ४२ जणांची क्रमवारी ओळखायची. क्रम आणि पूर्व-पश्चिम बाजू (एका क्रमांकाला सहसा या दोन जागा असतात) दोन्ही जुळले तर २, नुसता क्रम जुळला तर १.

अडचण अशी की रोजच्या खेळात २१ लढती गुणिले १५ दिवस म्हणजे ३१५ पर्यंत गुण जातात, संघात ९०, बान्झुकेत ८४. सरळ बेरीज केली तर बान्झुकेला कोणी विचारणार नाही. शिवाय मध्येच कोणी रिकिशी क्युजो झाला, म्हणजे त्याने माघार घेतली, तर काय, आणि नोंदी किती वाजता बंद करायच्या? नियम वर्षाच्या सुरुवातीला एकदाच लिहून टाकायचे आहेत.

तावारा
कच्चे गुण मिसळूच नका. प्रत्येक खेळात त्या बाशोचा क्रमांक काढा आणि क्रमांकाला गुण द्या: पहिल्याला १४, दुसऱ्याला १३, शेवटच्याला १. बरोबरी झाली तर सरासरी. दुसऱ्या-तिसऱ्या जागेवर दोघे असतील तर दोघांनाही १२.५. शीटमध्ये साधा रँक वापरलात तर दोघांनाही २ क्रमांक मिळतो आणि प्रत्येकाला अर्धा गुण फुकट मिळतो. रँक डॉट एव्हीजी वापरा, २.५ येतं. १५ वजा ते, झालं.

तुमचे संघाचे ९० तसेही कागदावरचे. सहापैकी दोघे एकमेकांशी भिडले की एक हरणारच.

हेन्का_नको
क्रमांकाचे गुण ठीक, पण बान्झुकेला पाचच जण आले तर? १५ वजा क्रमांक केलंत तर तिथल्या शेवटच्यालाही १० मिळतात. नुसती नोंद करून १० गुण, हे काही बरोबर नाही. जितके आले तितक्यांतच मोजा, पाच आले तर ५ ते १.

तावारा
मग पाचांतला पहिला फक्त ५ गुण घेऊन जाणार आणि बान्झुके पुन्हा ओस पडणार. ४२ जागा नीट लावायला तास-दोन तास लागतात, रोजच्या टिचक्यांपेक्षा ते अवघड काम. आला नाही त्याला शून्य, आला त्याला १५ वजा क्रमांक, हेच ठेवा. फुकट नोंदी टाळायच्या असतील तर किमान गुणांची अट घाला. मागच्या बान्झुकेची जशीच्या तशी नक्कल चिकटवून जेवढे गुण मिळतात, त्याहून जास्त मिळाले तरच नोंद धरायची.

हेन्का_नको
ही अट चालेल.

क्युजोचं बघा. जोड्या आदल्या दिवशी लागतात, माघारीची बातमी बहुतेक वेळा जपानी सकाळी येते. तेव्हा प्रतिस्पर्ध्याला फुसेन्शो, म्हणजे न लढता विजय. रोजच्या खेळात अशी लढत रद्द धरा, कोणालाच गुण नाही. नाहीतर जो लवकर उठून नोंद बदलेल त्याला फुकटचा गुण. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर शेवटच्या दिवशी ओनोसातोने माघार घेतली आणि होशोर्यूला विजय तसाच मिळाला. संघाच्या खेळात मात्र फुसेन्शो विजयच मोजा, कारण अधिकृत नोंदीत तो विजय असतो. योकोझुनाला (सर्वोच्च दर्जाच्या रिकिशीला) हरवणाऱ्या माएगाशिराला (माकुउचीतल्या सर्वांत खालच्या दर्जाच्या रिकिशीला) किन्बोशीचा जादा गुण देणार असाल तर फुसेन्शोवर देऊ नका. खुद्द सुमोतही तिथे किन्बोशी मिळत नाही. अजिंक्यपदासाठीची जादा लढत कुठेच मोजू नका, ती १५ दिवसांच्या जय-पराजयात येत नाही.

काठावरचा
आणि संघातलाच रिकिशी गेला तर?

हेन्का_नको
एक बदली द्या, आठव्या दिवसापर्यंत, त्याच गटातून, दुसऱ्या दिवसापासून लागू. गट नसतील तर आधी गट करा, नाहीतर सगळे जण तेच सहा निवडतील. दर्जाच्या उतरत्या क्रमाने: योकोझुना-ओझेकी मिळून एक, सेकिवाके-कोमुसुबी मिळून एक, माएगाशिरा १ ते ४ मधून एक, ५ ते ८ मधून एक, ९ पासून खालचे दोन. वरच्या माएगाशिरांना जवळपास सगळे दिग्गज भेटतात, १५ व्या क्रमांकाच्याला बहुधा भेटत नाहीत. दोघांच्या ८ विजयांची किंमत एक नाही. एकाच हेयातले (आखाड्यातले) रिकिशी नियमित लढतींत एकमेकांसमोर येत नाहीत, हेही निवडताना पाहावं.

पूर्व_पश्चिम
वेळेचं: माकुउची जपानी वेळेनुसार साधारण दुपारी ४ ला सुरू होते, म्हणजे आपल्याकडे साडेबारा. म्हणून बारा वाजता बंद करायचा मोह होतो, आणि पंधराव्या दिवशी गोंधळ होतो: बक्षीस समारंभामुळे त्या दिवशी सगळं अर्धा तास आधी सुरू होतं. पंधराही दिवस भारतीय ११ ठेवा. युरोपच्या बहुतेक भागात जानेवारी, मार्च, नोव्हेंबरला ते सकाळी साडेसहा आणि मे, जुलै, सप्टेंबरला साडेसात (काही वर्षी मार्चच्या शेवटच्या दिवशीही साडेसात). भारत आणि जपान घड्याळ बदलत नाहीत, त्यामुळे नियमात भारतीय वेळच लिहा.

पहिल्या दोन दिवसांच्या जोड्या बाशोच्या आधीच्या शुक्रवारी लागतात. सुरुवातीपासून कोण नाही ते तेव्हा बहुतेक कळतं, त्यामुळे संघ रविवारी ११ ला बंद केलेला बरा.

बान्झुकेत आणखी एक पेच आहे. क्रमवारी बाशोच्या १३ दिवस आधी, सोमवारी जाहीर होते, पण जानेवारीची डिसेंबरातच येते. ती कोणत्या वर्षात धरायची हे आधी ठरवा. माझ्या मते ज्या बाशोची बान्झुके, त्याच वर्षात. म्हणजे तुमच्या स्पर्धेची पहिली नोंद क्युशू बाशो संपल्या संपल्या, नोव्हेंबरअखेर सुरू होईल.

काठावरचा
हे लक्षातच आलं नव्हतं. एखादा बाशो चुकला तर सहापैकी पाच धरायचे का?

तावारा
हो, प्रत्येक खेळात स्वतंत्रपणे. तीन खेळांचे मिळून १८ पैकी १५ निकाल. कोणी आजारी पडो की प्रवासात असो, वर्ष वाया जात नाही.

पूर्व_पश्चिम
बाशोच रद्द झाला तर पाचपैकी चार, हेही लिहून ठेवा. मार्च २०११ आणि मे २०२० चे बाशो झालेच नाहीत. त्यातही मे २०२० ची बान्झुके जाहीर झाली होती आणि जुलैला तीच वापरली, त्यामुळे तेव्हा ओळखण्यासारखं काही उरलंच नव्हतं. असं झालं तर बान्झुकेची ती फेरी गाळायची आणि त्या खेळातही उरलेल्यांतला एक वाईट निकाल सोडायचा.