अवघड विण्यानंतर गाईला वेदनाशामक द्यावे का?

प्रश्न (वाळवा तालुका, जि. सांगली)
आमची पहिलारू होल्स्टिन संकरित गाय काल पहाटे व्याली. वासरू अंगाने मोठे असल्यामुळे डॉक्टरांना ते ओढून काढावे लागले. वार दुपारपर्यंत पूर्ण पडली आणि वासराने चीकही घेतला. परंतु गाय तेव्हापासून पाठीची कमान करून उभी राहते, शेपटी अंगापासून दूर धरते, अधूनमधून दात खाते आणि मक्याच्या हिरव्या वैरणीकडेही वळत नाही. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की विण्याच्या कळा निसर्गाच्याच असतात, त्यांना औषध लागत नाही. शेजारी मात्र त्यांच्याकडे उरलेली इंजेक्शनची बाटली द्यायला तयार आहेत. मला तिचे हाल पाहवत नाहीत. वेदनाशामक द्यावे का, आणि दिल्यास दुधाचे काय करावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर (पशुवैद्यक, कराड)
आपण वर्णिलेली लक्षणे वेदनेचीच आहेत. गाय आपले दुखणे शक्य तितके लपवते; ते इतके उघड दिसू लागले असेल, तर त्रास मोठा आहे असे समजावे. वासरू ओढताना जननमार्गाला सूज येते, कधी चिराही पडतात, आणि दुखणारी गाय खात नाही. दूध चढण्याच्या नेमक्या याच दिवसांत खाणे कमी पडले, तर अंगावरची चरबी झपाट्याने वितळून किटोसिसचा (रक्तात कीटोन साचण्याच्या आजाराचा) धोका वाढतो. म्हणून अशा गाईला वेदनाशामक देणे हा उपचाराचाच भाग आहे.

मात्र आधी तपासणी व्हावी. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा गर्भाशयाला इजा असेल, तर त्यावर स्वतंत्र उपचार लागतात. गाय बसून राहिली, कान थंड पडले, तर कॅल्शियमची कमतरता तपासावी लागते. पहिल्या वेतात ती क्वचित, तिसऱ्या वेतापासून पुढे अधिक आढळते आणि वेदनाशामकाने ती बरी होत नाही.

औषधांपैकी मी मेलॉक्सिकॅम पसंत करतो. त्याची मात्रा दर किलो वजनाला ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे ४०० किलोच्या गाईला २०० मिलिग्रॅम असते. फ्लुनिक्सिनही प्रभावी आहे, परंतु विण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर लगेच ते दिलेल्या गाईंमध्ये वार अडकण्याचे प्रमाण वाढल्याचे अभ्यासांत दिसले आहे. गाय पाणी पीत नसेल, तर यांपैकी कोणतेही औषध मूत्रपिंडांना अपाय करू शकते, म्हणून आधी तिला पाणी पाजावे. स्टेरॉइडचे इंजेक्शन आधी दिले गेले असल्यास ते डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण दोन्ही एकत्र दिल्याने जठरात व्रण होऊ शकतात.

उत्तर (निवृत्त पशुधन विकास अधिकारी, सातारा)
शेजाऱ्यांच्या बाटलीवरील नाव वाचल्याशिवाय ती मुळीच वापरू नये. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर २००६ पासून, तर त्याच प्रकारच्या किटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफिनॅकवर २०२३ पासून बंदी आहे. यांपैकी औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची देशातील संख्या याच कारणाने ९९ टक्क्यांहून अधिक घटली. माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत वापरल्या जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटलीचा आकार ३ मिलिलिटरपुरता मर्यादित करावा लागला. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचे सिद्ध झाले आहे आणि ते सहज मिळते, त्यामुळे बंदी असलेले औषध वापरण्याचे कारणच उरत नाही. आपले डॉक्टर उपलब्ध नसतील, तर १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करावा.

उत्तर (दूध उत्पादक, फलटण तालुका)
दादा, औषधाइतकेच गोठ्याकडेही लक्ष द्यावे. मोठे वासरू ओढल्यानंतर मागच्या पायांच्या नसा दबलेल्या असू शकतात, आणि गुळगुळीत सिमेंटवर पाय फाकले, तर गाय पुन्हा उठणे कठीण होते. तिला इतर गाईंपासून वेगळे ठेवून खाली उसाच्या पाचटाचा जाड थर द्यावा आणि कोमट गूळपाणी ती पिईल तितके समोर ठेवावे. बाजरी, गूळ आणि बाळंतशेपा ही आपली जुनी पद्धत ताकद देते, म्हणून मी ती सोडलेली नाही. पण त्याने दुखणे थांबते, असे मात्र मानू नये.

पुढील कालवडीच्या वेळी रेतन करण्यापूर्वी तिचे वजन प्रौढ गाईच्या साधारण ६० टक्के भरले आहे ना, हे पाहावे आणि ज्याची वासरे सहज जन्मतात अशाच वळूचे वीर्य मागावे. लिंगनिर्धारित वीर्याचाही (ज्यापासून बहुतेक मादी वासरेच होतात) इथे फायदा होतो, कारण मादी वासरू बहुधा लहान असते.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांना आजच बोलावले आहे. औषध दिल्यावर वासराला तिचेच दूध पाजता येईल का?

उत्तर (पशुवैद्यक, कराड)
होय, वासराला पाजण्यास हरकत नाही. चीक दूध संघात घालायचा नसतोच. त्यानंतरचे दूधही औषधाच्या वेष्टनावर छापलेली मुदत संपेपर्यंत संघात किंवा घरात वापरू नये. युरोपात मेलॉक्सिकॅमसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. आपल्या डॉक्टरांकडून ती तारीख लिहून घ्यावी आणि धार काढणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवावी.