नवरा ड्रॅग करतो, मी त्याच्यामागे उभी आहे. यात लाचारी कुठे आली?

म्हापशेकरीण:
गेल्या आठवड्यात या फोरमवर एकाने लिहिलं, की ड्रॅग करणाऱ्या, म्हणजे बाईच्या वेषात रंगमंचावर शो करणाऱ्या नवऱ्याला साडीच्या निऱ्या काढून देणाऱ्या बायका लाचार असतात, नवरा हातचा जाईल या भीतीने टाळ्या वाजवतात. त्याखाली वाहवा करणारेही पुष्कळ. निऱ्या काढून देणाऱ्यांपैकी मी एक, म्हणून उत्तर देते आणि लांबलचक देते.

माझा नवरा दिवसा हिशेब लिहितो. पर्यटनाच्या सीझनमध्ये शनिवारी किनारपट्टीवरच्या क्लबमध्ये शो करतो. हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. आपल्या गोव्यात लग्नासाठी रजिस्ट्रारकडे दोनदा सही करावी लागते; पहिली सही केली तेव्हाही आणि दुसरी केली तेव्हाही. मला कोणी फसवलेलं नाही.

आधार म्हणजे पुढच्या रांगेत बसून शिट्ट्या मारणं, असं बाहेरच्यांना वाटतं. तिथे काही काम नसतं. काम आधी आणि नंतर असतं. आपल्या हवेत एप्रिल-मे महिन्यात भुवयांवर बसवलेला गोंद घामाने सुटतो, तो पुन्हा दाबून बसवायला दुसरा माणूस लागतो. कमरेखालची टेप चुकली तर कातडी सोलून निघते. पॅडिंगवर टाइट्सचे थर चढले की लघवीला जाता येत नाही, म्हणून शोच्या दिवशी तो पाणीच पीत नाही आणि मग चक्कर येते. त्याला पाणी प्यायला लावणं, मध्ये उतरवून पुन्हा चढवायला वेळ काढून ठेवणं, हे माझ्याकडे. रात्री तीनला गाडी मी चालवते. अर्धवट पुसलेल्या काजळाने त्याने स्कूटरवरून एकट्याने घरी यावं हे मला मान्य नाही. रस्त्यात अडवून तोंडावर टॉर्च मारून हसणारे एकदा भेटले, तेवढं पुरे.

आणि मी नाहीसुद्धा म्हणते. 'तुमची ओळख वाढेल' म्हणून फुकट नाचायला बोलावणाऱ्यांना नाही. प्रेक्षकांनी अंगाला हात लावला तरी चालतं असं समजणाऱ्या जागेला नाही. आपल्याकडे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची, निम्मी-निम्मी. लेसच्या विगवर जातो तो पैसा माझाही आहे. मी हिशेब मागते, तो देतो. लाचार बाई हिशेब मागते का?

लोक विचारतात, 'तुका लज दिसना?' नाही. लाज वाटत नाही, भीती वाटते. रस्त्याची, मोबाइलवर चोरून काढलेल्या व्हिडिओची, त्याच्या ऑफिसात तो पोचण्याची. याबद्दल मला कोणी विचारत नाही.

डिचोलीचा मास्तर:
तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत याबद्दल आदर आहे. पण आता खाली कोणीतरी बालगंधर्वांना ओढून आणणार, म्हणून आधीच लिहितो. तुलना करू नका. बालगंधर्व म्हणजे नारायणराव राजहंस किंवा आमच्या मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर स्त्रीभूमिका करत, कारण रंगभूमीवर स्त्रिया मिळत नव्हत्या. ती गरज होती, आणि त्यामागे गाण्याची तपश्चर्या होती. 1933 साली बांदिवड्याच्या ज्योत्स्ना भोळे नाटकात उभ्या राहिल्या आणि ती गरज संपत आली. आज मुलींना नाटकात घ्यायला कोणी अडवत नाही. मग पुरुषाने छातीला स्पंज लावून, दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवून काय साधायचं आहे? पत्नी साथ देते हा तुमच्या घरचा प्रश्न. त्याला कला म्हणवून घेता तेव्हा तो आमचाही होतो.

फोंड्याहून:
मास्तर, 'स्त्रिया मिळत नव्हत्या' हे तुम्ही शाळेत शिकवता तसंच इथे शिकवू नका. फोंडा महालात देवळांच्या आश्रयाने कलावंत घराण्यांतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या गात होत्या, नाचत होत्या. मिळत नव्हत्या त्या 'घरंदाज' म्हणवणाऱ्या घरांतल्या. ज्या मिळत होत्या त्यांच्या शेजारी उभं राहायची पांढरपेशांची तयारी नव्हती. आणि तियात्रात, म्हणजे आपल्या कोकणी नाटकात, रेजिना फर्नांडिस 1904 सालीच रंगमंचावर आल्या. त्याच्या पुढेही कितीतरी वर्षं बालगंधर्व साड्या नेसत होते आणि पुण्या-मुंबईच्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला शिकत होत्या. ही गरज नव्हती, लोकांना ते आवडत होतं. आवडतं हे सरळ मान्य करा.

पेडण्याची सून:
सगळे बालगंधर्वांवर बोलतात. त्यांच्या बायकोचं नाव किती जणांना माहीत आहे? लक्ष्मीबाई. 1911 साली नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची मुलगी वारली आणि नारायणराव तोंडाला रंग लावून उभे राहिले, ही गोष्ट आम्हाला कलेवरची निष्ठा म्हणून सांगतात. त्या रात्री घरी लक्ष्मीबाई काय करत होत्या, हे कोणी सांगत नाही.

माझे सासरे दशावतारी नाटकात स्त्रीपार्टी, म्हणजे बाईची भूमिका, करायचे. नाव मोठं होतं. द्रौपदी करायला लागले की बाया पदर डोळ्यांना लावायच्या, असं अजून सांगतात. कार्तिक लागला की पेटारे निघायचे ते शिमगा उलटेपर्यंत. आज या गावची जत्रा, उद्या त्या गावचा दहिकाला. शेत, गुरं, चार मुलं, आजारी आजेसासू, सगळं सासूबाईंवर. विहिरीवर बाया विचारायच्या, 'आज घरात बायल कोण गे, तू काय तो?' सासूबाई कळशी भरून निघून यायच्या. आता गावात सत्कार झाला तेव्हा भाषणात म्हणाले, 'त्यांच्या पत्नीने समर्थ साथ दिली.' मी शेजारीच बसले होते. सासूबाई पुटपुटल्या, 'म्हाका कोणे विचारलें?'

म्हणून म्हापशेकरीणबाई, तुम्ही रात्री तीनला गाडी चालवता हे वाचून मला कौतुक वाटलं नाही. मला सासूबाई आठवल्या. तुमच्याकडे साडीऐवजी गाऊन आहे आणि बैलगाडीऐवजी मोटार, एवढाच फरक.

सत्तरीकर:
दशावतार आणि बारमधला नाच एका वाक्यात लिहिताना जरा विचार करा. दशावतार हा देवाचा खेळ. आधी आडदशावतार म्हणजे पूर्वरंग, गणपती येतो, शारदा येते, संकासूर येतो, पहाटे दहीहंडी. स्त्रीपार्टी करणारा माणूस रंग लावण्याआधी पेटाऱ्याच्या पाया पडतो. लिहिलेली संहिता नसते, संवाद जागेवर सुचावे लागतात, पुराण पाठ असावं लागतं. आणि हा खेळ मरतोय कशाने? रात्री दहाला माइक बंद! 2000 सालचे ध्वनिनियम दाखवतात. वर्षातून पंधरा दिवस बारापर्यंत सूट, तीही सरकारच्या मर्जीने. रात्रभर चालणारा खेळ बाराला कसा संपवायचा? तिकडे किनाऱ्यावर वागातोरच्या क्लबांत मात्र पहाटेपर्यंत भिंती हादरतात, त्यांना नियम नाहीत.

वागातोरचा शेजारी:
नियम आहेत, पाळत नाहीत, हे खरं. माझ्या घराच्या खिडकीच्या काचा सीझनभर थरथरतात. वडील हृदयाचे रुग्ण. तक्रार केली की आवाज मोजायचं यंत्र घेऊन येतात तोवर आवाज कमी झालेला असतो. ते गेले की पुन्हा सुरू. मला ड्रॅगशी काही देणंघेणं नाही, कोणी साडी नेसो की लुंगी. पण ज्या क्लबच्या जिवावर हे शो चालतात त्यांनी आमची झोप विकून पैसे केले आहेत. बाईंनी लिहिलंय, भीती वाटते. आम्हालाही वाटते.

सत्तरीकर:
तेच म्हणतो मी. त्यांना मुभा आणि देवाच्या खेळाला नोटीस.

वागातोरचा शेजारी:
नाही, तुम्ही ते म्हणत नाही आहात. तुम्हाला तुमचा माइक चालू हवाय. मला दोन्ही बंद हवेत. आमच्या वाड्यावर जत्रेत पहाटे चारपर्यंत कर्णे असतात, तेव्हाही बाबांना झोप लागत नाही.

सत्तरीकर:
जत्रा वर्षातून एकदा येते! देवाच्या नावाने एक रात्र जागवत नाही तुम्हाला? मग गोव्यात राहता कशाला?

वागातोरचा शेजारी:
माझे आजोबा-पणजोबा याच घरात जन्मले. मी कुठे राहायचं ते तू सांगायचं नाही.

फोंड्याहून:
दोघेही थांबा. दशावतार कर्ण्यांच्या आधीही चालतच होता. पायपेटी, मृदंग, झांज आणि नटाचा गळा, एवढ्यावर शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जायचं. सत्तरीकर, माइकच्या सवयीने आवाज गेले ते ध्वनिनियमांमुळे नव्हे.

सत्तरीकर:
तेव्हा शेजारून ट्रक जात नव्हते आणि प्रेक्षक गप्प बसून ऐकत होते. पण गळ्याबद्दल म्हणता ते अगदीच खोटं नाही. आमचे जुने लोक नव्या पोरांना तेच ऐकवतात. तरी परवानगीचा जाच आहे तो आहेच.

म्हापशेकरीण:
धागा माझा, आणि चर्चा कर्ण्यांवर. असो.

पेडण्याची सून, तुमच्या सासूबाईंचं वाचून पोटात कालवलं. पण 'एवढाच फरक' हे मी मान्य करणार नाही. त्यांना कोणी विचारलं नाही, मला विचारलं. त्यांच्या हातात पैसा नव्हता, माझा स्वतःचा पगार आहे. दोन शनिवार मी सरळ सांगितलं, आज मी येणार नाही, माझ्या आईला बरं नाही. त्याने शो रद्द केला, पैसे बुडाले, तोंड वाकडं केलं नाही. तुमचे सासरे एक तरी दहिकाला चुकवत होते का?

मास्तर, तुम्ही ओठ हलवण्याला काही लागत नाही म्हणता. दुसऱ्याच्या श्वासावर आपला श्वास बसवायला तो स्वयंपाकघरात तेच गाणं आठवडाभर वाजवतो, कोणत्या ओळीला गायिका कुठे दम घेते तेही मला पाठ झालंय. तपश्चर्या हा शब्द मी वापरणार नाही, पण कष्ट आहेत.

पेडण्याची सून:
नाही चुकवले. खोटं कशाला बोलू. मुलगी तापाने फणफणली होती तेव्हाही गेले होते. तुम्हाला विचारलं जातं, एवढं मानते. पण आणखी एक बोलायचंय. मी एक शो पाहिलाय. तो माणूस बाई झाला म्हणजे काय झाला? छाती पुढे, ढुंगण मागे, अचकटविचकट बोलणं. लोक लोळत होते. मी तशी चालले तर बसस्टँडवर माझी काय गत होईल? सासऱ्यांची द्रौपदी बघून बाया रडत होत्या, कारण तिचं दुःख त्यांचं होतं. इथे मी कोणाकडे बघायचं?

म्हापशेकरीण:
असले शो आहेत. मीही पाहिलेत आणि उठून आलेय. त्याच्याशी याच विषयावर माझी कडाक्याची भांडणं झाली आहेत. एक विनोद त्याने माझ्या सांगण्यावरून काढला, एक माझ्या सांगण्यावरूनही काढला नाही. पण दशावतारातही सगळीच द्रौपदी नसते. स्त्रीपार्टीच्या अंगचटीला जाणारा खलपार्टी आणि त्यावर शिट्ट्या, हे तुम्ही पाहिलं नाही असं म्हणू नका.

सत्तरीकर:
हल्लीच्या कंपन्यांत होतं तसं. आम्हाला आवडत नाही.

डिचोलीचा मास्तर:
आवडत नाही आणि तरी चालतं, हाच तर मुद्दा आहे. उद्या पोरं विचारतील, सर, आमच्या गावच्या जत्रेत पुरुष बाई झालेला चालतो आणि क्लबमध्ये का नाही? मी काय उत्तर देऊ?

फोंड्याहून:
उत्तर नसेल तर नाही म्हणा, मास्तर. विद्यार्थ्यांसमोर तेही चालतं.

मडगावचा रात्रपाळीवाला:
इतका वेळ वाचत होतो. मी पुरुष, माझा जोडीदारही पुरुष आणि तोच ड्रॅग करतो. बाई, तुमच्या पोस्टमध्ये रजिस्ट्रारची पहिली सही आणि दुसरी सही वाचली आणि तिथेच अडकलो. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाच्या निकालाने आम्ही गुन्हेगार राहिलो नाही. 17 ऑक्टोबर 2023 ला त्याच कोर्टाने सांगितलं, लग्नाचा हक्क देणं आमचं काम नाही, ते संसदेचं. तुम्ही विगच्या पैशांवर निम्मा हक्क सांगता, तो बरोबरच आहे. आम्ही दोघांनी दहा वर्षांत जमवलेल्या कशावरही माझा कागदोपत्री हक्क नाही. तो स्टेजवर पाय घसरून पडला, गुडघ्याची वाटी सरकली. इस्पितळात माझं नातं विचारलं. मी मित्र म्हटलं. ऑपरेशनच्या सहीसाठी त्याच्या भावाला कारवारहून बोलावलं. भावाने पहिला प्रश्न केला, 'हे कुठे नाचताना झालं?' आणि मी गप्प राहिलो, कारण तो सही न करताच परत गेला असता.

त्यामुळे कोण लाचार आणि कोण स्वाभिमानी हे वाद मला परवडत नाहीत. मास्तर, तुम्ही ठरवा ती कला आहे की नाही. मला त्याच्या ऑपरेशनवर सही करता यायला हवी.

वागातोरचा शेजारी:
हे वाचून वाईट वाटलं. आवाजाची तक्रार मी मागे घेत नाही, पण ती तुमच्याविरुद्ध नाही.

डिचोलीचा मास्तर:
सहीचं पटलं. सही मिळायला हवी. त्यासाठी ती कला ठरायची गरज नाही, आणि ती कला आहे असं मी अजूनही म्हणणार नाही.

पेडण्याची सून:
मास्तर, एकदा येऊन बघा तरी. मी बघून नावं ठेवते, तुम्ही न बघता.

डिचोलीचा मास्तर:
क्लबमध्ये माझ्या वयाचा माणूस कुठे उभा राहणार?

म्हापशेकरीण:
माझ्या शेजारी. मी मागे दाराजवळ असते, पाण्याची बाटली आणि गोंद घेऊन. मडगावचे, तुम्ही मला वेगळा निरोप टाका. लग्न नसलं तरी मृत्युपत्र, बँकेतलं नामनिर्देशन आणि मुखत्यारपत्र करता येतं. म्हापशात हे काम करून देणारी एक वकीलबाई माझ्या ओळखीची आहे. इस्पितळात मुखत्यारपत्र कितपत मानतात ते तिलाच विचारा. पण आत्ता काहीच कागद नाही, त्यापेक्षा काहीतरी असेल. गुडघा बरा होईपर्यंत त्याला हील्स घालू देऊ नका, तो किती का हट्ट करेना.

मडगावचा रात्रपाळीवाला:
हट्ट सुरू झालाय. निरोप टाकतो.