लक्षद्वीपला न्यायची तर ३० फुटी शिडाची बोट कुठली बघावी?

मांडवीकर: मंडळी, सेकंडहँड बोट बघतोय. एक रुंद आहे, आत हवेशीर, बायकोला बघताक्षणी आवडली, रुंदी साडेदहा फूट, वजन ७००० पाउंड. दुसरी जुनी काँटेसा ३२ (३२ फुटी इंग्लिश मॉडेल), आत अगदीच चिंचोळी. आत्ता दोना पावलाच्या आसपासच फिरू पण पुढेमागे लक्षद्वीप करायचंय. भरवशाची कुठली? रुंदवाली सीई कॅटेगरी ए (खुल्या समुद्रासाठीचा युरोपियन दर्जा) आहे, तेवढं पुरे ना?

खारावारा: काँटेसा, डोळे मिटून. १९७९ च्या फास्टनेट रेसला (इंग्लंड-आयर्लंडकडची शिडाच्या बोटींची शर्यत) वादळात १५ स्पर्धक गेले, सगळ्यात छोट्या क्लासमधून शर्यत पुरी केली ती एकच बोट, काँटेसा ३२. कॅप्साईझचा (बोट उलटण्याच्या धोक्याचा) आकडा काढून बघ, पाउंडातल्या वजनाला ६४ ने भाग, घनमूळ काढ, आणि फुटातल्या रुंदीला त्याने भाग. २ च्या खाली हवा. तुझ्या रुंदवालीचा २.२ येतो, काँटेसा (साडेनऊ फूट, ९५०० पाउंड) १.८.

दिवाडकर: नुसत्या आकड्यावर बोट घेऊ नको रे, वजन वर आहे का खाली हे त्यात येतच नाही, तळाचं सगळं शिसं मास्टच्या (डोलकाठीच्या) टोकाला बांधलंस तरी उत्तर तेच! किती अंशापर्यंत कलंडून परत उभी राहते ते विचार. काँटेसा १५० च्या पुढे जाते, रुंद हलक्या बोटी बऱ्याचदा १२० च्या आसपास हात टेकतात, आणि एकदा उलटल्या की उलट्याच आरामात बसतात. कॅटेगरी ए हा नव्या बोटीच्या डिझाइनचा शिक्का, वीस वर्षांनी चेनप्लेट (डोलकाठीचे दोर अडकवायच्या पट्ट्या) आणि सुकाणू कुठल्या अवस्थेत आहेत ते त्याला काय माहीत.
आणि जड बोटही उलटते हां. एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरलेल्या अभिलाष टॉमींची, आपल्या गोव्यातच बांधलेली थुरिया, ३२ फुटी, लांब कीलची (तळाच्या कण्याची), २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात गडगडली, मास्ट मोडले, त्यांच्या पाठीला जबर मार बसला, पण हल (बोटीचं धड) तरंगत राहिला म्हणून माणूस वाचला. फास्टनेटलासुद्धा सोडून दिलेल्या २४ बोटींतल्या १९ नंतर सापडल्या. तेव्हा हॅच, कॉकपिटचे ड्रेन, बॅटऱ्या घट्ट बांधल्यात का, हे आधी बघ.

बेतीचा_बाब: दोघांचं खरं, पण हा काय केप हॉर्नला चाललाय का? डिसेंबर-जानेवारीत लक्षद्वीपला जाणाऱ्याला वाऱ्यापेक्षा वारा नसण्याचा त्रास जास्त, इंजिन धड पाहिजे. पावसाळा आणि त्याच्या आगेमागचे चक्रीवादळांचे दिवस टाळ, क्यार वादळ ऑक्टोबर २०१९ चं, तौक्ते मे २०२१ चं. सर्व्हे चांगला आला तर मी रुंदवालीच घेईन, गरमीत त्या चिंचोळ्या बोटीत कोण झोपणार! लक्षद्वीपला जायच्या परमिटचं मात्र आधी बघ.

मांडवीकर: बरं, सर्व्हेअर आणि मेकॅनिक दोघांना घेऊन जातो. कंपॅनियनवेच्या (केबिनमध्ये उतरायच्या दाराच्या) फळ्यांना आतून कडी नसेल तर मागाहून बसवता येते का?